केलन रस्कबद्दल एक पान

लॉगन्स मिल, इंडियाना
१२ डिसेंबर

जनेल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडताच फेकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या बाईंकडून लिहून घेतला. फसवलं म्हणशील. हो, फसवलं.

आता उघडलंच आहेस तर मुद्द्याचं ऐक. व्हाइट फोर्क कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला पुढच्या वर्षासाठी चेंडू खेळवणारा एक गार्ड हवा आहे. एकच जागा आहे, पूर्ण स्कॉलरशिपची. शाळेच्या कोचपदावरून निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या कोच हॉबर्टसाठी पोरं बघत फिरतो, हे तुझ्या कानावर असेलच. काम सोपं असतं: एक पोरगा तीनदा बघायचा आणि त्याच्यावर एक पान लिहायचं. सोमवारी हॉबर्टने माझ्या हातात नाव ठेवलं. केलन रस्क, शेवटचं वर्ष, एल्कटन हायस्कूल.

आडनाव तुझ्या नवऱ्याचं, त्यामुळे हॉबर्टला काही कळायचं कारण नाही. ‘हा माझा नातू आहे’ असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याने गाडीच्या टायरचा विषय काढला आणि मी तो काढू दिला.

मंगळवारी एल्कटनला जाऊन आलो. तू दिसली नाहीस, की मला बघून बाहेर गेलीस कोण जाणे. मी नेहमीसारखा सगळ्यात वरच्या रांगेत बसलो होतो. छापील पत्रकात केलनची उंची सहा फूट दोन इंच आहे. पत्रकातल्या उंचीतून दोन इंच वजा करायची आम्हा लोकांची रीत आहे, आणि तुमच्या कोचने ती रीत मोडलेली नाही. पोरगा बुटाशिवाय सहा फूट भरेल. व्हाइट फोर्कसाठी हे कमी आहे.

मी सामना नंतर बघतो, आधी पोरं अंग मोकळं करत असतात ते बघतो. तिथे कोणी सोंग करत नाही. एका लहान पोराचा चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला, तर तुझ्या केलनने आपला सोडून तो आणून दिला, आणि देताना त्याला काहीतरी बोलला, त्यावर ते पोरगं हसलं. हे मी लिहून घेतलं. सामन्यात त्याची नजर चांगली दिसली. दुसरे पोहोचायच्या आधी चेंडू तिथे पोहोचलेला असतो. पण डावा हात म्हणजे नुसता खांद्याला लावून ठेवलाय. तिसऱ्या मिनिटाला समोरच्या पोराला ते कळलं आणि त्याने उजवी बाजूच बंद केली. हेही लिहून घेतलं.

तू मला इतकी वर्षं पाण्यात पाहतेस ते कशावरून, हे दोघांनाही माहीत आहे, तेव्हा आडून बोलण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत तेवीस वर्षं होतील. एका कॉलेजच्या कोचबाईने फोन करून मला विचारलं, तुमची मुलगी आमच्यात टिकेल का, आणि मी जे होतं ते सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही पोरीबद्दल विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी जन्मात केलं नाही. त्याची मला लाज वाटत नाही.

केलनबद्दलही जे दिसेल तेच लिहीन. हे तुला आधी कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

वेंडेल

एल्कटनहून परत आल्यावर
९ जानेवारी

जनेल,

तुझं कार्ड मिळालं. पाठ झालंय. ‘त्याच्याबद्दल काही लिहू नका. चांगलंही नको. तुमचं चांगलं काय असतं ते मी बघितलंय.’ तीन वाक्यांत बापाची सालटी काढलीस.

पण मी नाही लिहिलं तर हॉबर्ट दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही. त्याच्याकडे आम्ही दोनच म्हातारे आहोत आणि दुसऱ्याला रात्री गाडी चालवता येत नाही. माझं पान नसेल तर केलनचं नाव यादीतून जाईल, इतकं सरळ आहे. त्याला आणखी कुठून बोलावणं आलंय का? मी चौकशी केली, नाही आलेलं. तेव्हा लिहू नका म्हणताना काय म्हणतेस याचा विचार कर.

आज डेल येऊन माझ्याशी बोलला. बोलला म्हणजे काय, पॉपकॉर्नचा डबा हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, “मिस्टर स्टकी, दुसऱ्या बाजूला बसाल तर बरं होईल. इथून तुम्ही तिला दिसता.”

मी म्हणालो, “जावईबापू, जिम सगळ्यांचं असतं.”

“जिम सगळ्यांचं असतं,” तो म्हणाला, “पण ती माझ्या शेजारी बसून थरथरतेय, ते मला एकट्याला बघावं लागतं.”

मग मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो. डेल चांगला माणूस आहे. तुझ्या आईच्या अंत्यविधीला शवपेटीचा एक कोपरा त्याने धरला होता, तेव्हाही माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, पण धरताना माझ्या बाजूचं वजन त्याने आपल्याकडे घेतलं होतं. ते माझ्या लक्षात आहे.

तिकडे खांबाआड बसलो; तुला मी दिसत नसेन, पण तू मला दिसत होतीस. केस आखूड केलेस. सामनाभर तू फक्त एकदा ओरडलीस, एकच शब्द, “पाय!” आणि केलनने तिथल्या तिथे पाय बदलून उभं राहायची पद्धत बदलली. त्याचा कोच घसा कोरडा करत होता, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

खेळाचं काय सांगू. वाईट खेळला. सात वेळा चेंडू घालवला. अकरा वेळा बास्केटकडे मारला, दोनदा आत गेला. शेवटच्या आठ मिनिटांत पाय असे जड झाले होते की मला वाटलं, खाली बसतो की काय. हे सगळं माझ्या कागदावर आहे आणि मी ते खोडणार नाही. दुसऱ्या बाजूने, कोचने त्याला बाहेर काढून बसवलं तेव्हा तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसला नाही. आपल्या जागी खेळायला गेलेल्या पोराला तो बाकावरून सांगत होता, कोण कुठून येतोय. हेही कागदावर आहे.

हॉबर्टने रात्री फोन करून विचारलं, “कोच, एल्कटनवाला कसा वाटला?” मी म्हणालो, अजून एकदा बघू दे. तो म्हणाला, “बघा, पण इंडियानापोलिसचा ब्रायसन सहा फूट तीन आहे, आणि तो खरोखरचा सहा तीन आहे.”

खरं तर आजच नातं सांगून मोकळा होणार होतो. पण आजचा खेळ बघून सांगितलं असतं तर हॉबर्टला वाटलं असतं, नातवाची वकिली करतोय. उद्या चांगला खेळला आणि तेव्हा सांगितलं, तरी तेच वाटणार. या कामात योग्य दिवस असा येतच नाही.

वेंडेल

लॉगन्स मिल
३० जानेवारी

जनेल,

तू उत्तर दिलं नाहीस. देणार नाहीस हे धरूनच चाललो होतो.

तुझ्या मुलाशी मी बोललो, हे तुला माझ्याकडूनच कळावं. मी त्याला गाठलं नाही, त्याने मला गाठलं. सामना संपल्यावर मी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो, तर हा ओल्या केसांनी बाहेर आला.

“सर, तुम्ही व्हाइट फोर्ककडून येता ना?”

“डोकं झाक आधी,” मी म्हणालो. “निमोनिया झालेला गार्ड कोणी घेत नाही.”

त्याने टोपी घातली. म्हणाला, “आईने तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. का ते सांगितलं नाही.”

“मग कशाला बोलतोस?”

“ती कारण नसताना काही सांगत नाही. म्हणजे तुम्हाला खेळातलं कळत असणार.”

त्याने विचारलं, माझ्यात काय कमी आहे ते सांगा. पोरं असं विचारत नाहीत, जनेल. चाळीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी विचारलं असेल. बाकीचे विचारतात, मी कसा वाटलो. मी सांगितलं: डावा हात. तो म्हणाला, “आईपण तेच म्हणते. सकाळी साडेपाचला ती मला घेऊन चर्चच्या जिममध्ये जाते आणि उजवा हात पाठीमागे बांधायला लावते. ऑक्टोबरपासून चालू आहे. अजून येत नाही.”

“ऑक्टोबरपासून म्हणजे कालपासून,” मी म्हणालो. “चालू ठेव.”

आज तो बरा खेळला. बरा म्हणजे, चौदा गुण, आठ पास, चेंडू घालवला तो एकदाच. आणि एक गोष्ट मी पहिल्यांदाच बघितली. समोरचा गार्ड त्याला ओलांडून पुढे गेला की हा मागे राहिल्यासारखं करतो, आणि मग पाठीमागून येऊन चेंडूला नुसती टिचकी मारतो. हात दिसतसुद्धा नाही. आज असं चारदा केलं. मी विचारलं, हे कोणी शिकवलं.

“आईने. ती म्हणते, तिने शाळेत असताना सेक्शनल स्पर्धेत एका मोठ्या शाळेविरुद्ध उत्तरार्धात सहा वेळा असं केलं होतं.”

मी म्हणालो, असेल बुवा. मनात म्हटलं, आया पोरांना गोष्टी सांगतात. कारण त्या सामन्याचा कागद मला पाठ आहे. उत्तरार्धात तुझ्या नावापुढे एकही खूण नव्हती. चेंडूला हात लावला, शून्य. मोकळा चेंडू उचलला, शून्य. कोचबाईला मी हेच सांगितलं होतं: मोठ्या संघापुढे उत्तरार्धात माझी मुलगी दिसेनाशी होते.

तू खोटं बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. लहानपणीसुद्धा बोलत नव्हतीस, तुझ्या आईला त्याचा त्राससुद्धा व्हायचा. त्यामुळे घरी येईपर्यंत ते सहा वेळा माझ्या डोक्यातून जाईना.

मी कोण ते केलनला सांगितलं नाही. ते तू सांगायचंस.

वेंडेल

लॉगन्स मिल
१८ फेब्रुवारी

जनेल,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

काल मर्ल फॅनिनकडे गेलो होतो. तुला मर्ल आठवत असेल, जाड भिंगांचा, तुमच्या सामन्यांना टेबलापाशी बसून कोणी चेंडूला किती वेळा हात लावला याच्या खुणा करणारा. त्याने सगळे कागद जपून ठेवलेत. तळघरात खोक्यांवर वर्षं लिहून रचून ठेवलेत, बायको कुरकुर करते. मी म्हणालो, २००३ चं मुलींचं सेक्शनल काढ. त्याने पाच मिनिटांत काढलं.

पुढच्या बाजूला सगळं होतं तसंच. बारा नंबर, पूर्वार्धात खुणाच खुणा, उत्तरार्धात मोकळी रांग. मी म्हणालो, “बघ, शून्यच आहे.”

मर्ल म्हणाला, “अरे, पान उलट की.”

पाठीमागे पन्नास नंबर लिहिला होता. त्याच्यापुढे सतरा खुणा होत्या.

मी विचारलं, हा पन्नास कोण? मर्लने चष्मा काढला. “तुझी मुलगी, आणखी कोण? मध्यंतराच्या आधी तिचा ओठ फाटला नव्हता का? बारा नंबरच्या जर्सीला रक्त लागलं. रक्ताची जर्सी पंच चालू देतात का? मग तिने ती जास्तीची पन्नास नंबरची चढवली. पुढे जागा उरली नव्हती म्हणून मी मागे लिहिलं. तू होतास ना तिथे?”

जनेल, मी तिथे नव्हतो.

लिहिलं एकदाचं. त्या संध्याकाळी मी शाळेच्या मुलग्यांच्या संघाचा सराव घेत होतो. दोन दिवसांनी आमचा मोठा सामना होता, आणि दोन पोरं सांगितलेलं विसरत होती, म्हणून मी सराव लांबवला. साडेसातला संपवून यायचं ठरवलं होतं. नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बोळात मर्लने मला हा कागद दाखवला, मी पुढची बाजू बघितली आणि परत दिला. त्याच सकाळी तू सुजलेल्या ओठाने न्याहारीला बसली होतीस आणि मला विचारलंस, “बघितलं ना बाबा?” मी म्हणालो, बघितलं. बरी खेळलीस.

ओठाला काय झालं हेसुद्धा मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नव्हतो हे उघड झालं असतं.

तिसऱ्या दिवशी कोचबाईचा फोन आला. ती म्हणाली, तुम्ही बाप असलात तरी खरं बोलणारे म्हणून तुमचं नाव आहे. मी नाकाने कांदे सोलत तिला शून्य वाचून दाखवलं. तिने तुला घेतलं नाही आणि कारणही सांगून टाकलं, ‘तुझ्या वडिलांनीच सांगितलं.’ तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस, म्हणालीस, “तुम्ही बघून असं बोललात?” तेव्हासुद्धा मी म्हणालो नाही की मी बघितलंच नाही. म्हणालो, बघितलं म्हणूनच बोललो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तू खरं ऐकून घ्यायला तयार नाहीस. आणि मी होतो उंटावरून शेळ्या हाकणारा. तुझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी नको इतकं खरं बोलतो. तिला तरी सांगायला हवं होतं.

माफ कर असं लिहिणार होतो. पण ते तुझ्याकडून काहीतरी मागितल्यासारखं होतं, म्हणून लिहीत नाही.

बाबा

व्हाइट फोर्क
२ मार्च

जनेल,

आज सकाळी हॉबर्टला सांगितलं. त्याच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणालो, केलन रस्क माझा नातू आहे.

तो पेनाचं टोपण काढत घालत बसला. मग म्हणाला, “डिसेंबरपासून?”

“डिसेंबरपासून.”

“कोच, तुमच्या शब्दावर मी पोरं घेतो. न बघता घेतो. माझी नोकरी तुमच्या शब्दावर चालते. आता तुम्ही त्याला चांगलं म्हणालात तर मी काय समजायचं? आणि वाईट म्हणालात तरी काय समजायचं?”

त्याने ब्रायसनचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या म्हाताऱ्याने लिहिलेलं होतं आणि चांगलं होतं. मग म्हणाला, “सोमवारी नऊ तारखेला मी ठरवणार आहे. तुमचं पान त्याआधी आलं तर केलनचं नाव यादीत राहील. सगळ्यात वर तुमचं नातं लिहायचं. पान आलं नाही तर नाव खोडतो, माझ्याकडे वेळ नाही.”

मी ते पान लिहिलं आहे. पण मी ते हॉबर्टला देणार नाही. ते या पाकिटात आहे, आणि सोबत हॉबर्टच्या नावाचं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आहे. तेव्हा मी तुझ्या पाठीमागे बोललो होतो. आता आधी तू वाच. पाठवायचं असेल तर पाठव, नसेल तर चुलीत घाल. पाठवलंस तर यातल्या वाईटामुळे तो जाऊ शकतो. नाही पाठवलंस तर जाणारच. मी यात गोड काही घातलेलं नाही, आणि तुझ्या भीतीने काही कापलेलंही नाही. पत्र पोचायला एक-दोन दिवस, पाठवायला एक-दोन दिवस. विचार करायला फार वेळ उरत नाही, तो दोष माझाच.

बाबा

(सोबतचं पान)

केलन रस्क. गार्ड. एल्कटन हायस्कूल, शेवटचं वर्ष. लिहिणारा वेंडेल स्टकी, मुलाच्या आईचा बाप. हे वाचताना लक्षात ठेवावं.

उंची बुटाशिवाय सहा फूट, पत्रकावर जाऊ नये. तीनदा बघितला, त्यातला एक सामना वाईट. डावा हात कॉलेजच्या लायक नाही. पहिल्याच महिन्यात समोरचे संघ त्याला डावीकडे ढकलतील आणि तो अडकेल. शॉट मारण्याआधी खांदा खाली घेतो, त्यात वेळ जातो. थकला की पाय जड होतात, शेवटच्या आठ मिनिटांत मंद दिसतो.

नजर उत्तम. आमच्या भागात या वर्षी इतकी चांगली नजर असलेला दुसरा गार्ड मी बघितलेला नाही. ओलांडून गेलेल्या गार्डच्या मागून चेंडू काढायची त्याची एक पद्धत आहे, ती शिकवून येत नाही असं मला वाटत होतं. ती त्याला आईने शिकवली आहे. बाकावर बसला तरी सामन्यातच असतो. स्वतःत काय कमी आहे ते विचारतो आणि ऐकून घेतो. 

पहिल्या वर्षी खेळवण्याजोगा नाही. दुसऱ्या वर्षी कदाचित. तिसऱ्या वर्षी संघ त्याच्या हातात देता येईल. मी घेतला असता. पण मी आजोबा आहे.

लॉगन्स मिल
१५ मार्च

जनेल,

तुझं पत्र काल आलं. त्याआधी हॉबर्टचा फोन आला होता, तो आधी सांगतो.

गुरुवारी त्याच्या टेबलावर माझं पान पोचलं, आणि पानाच्या मागे तुझं अक्षर. त्याने ते मला फोनवर वाचून दाखवलं. ‘डाव्या हाताबद्दल बरोबर आहे. खांद्याबद्दलही. जानेवारीतल्या वाईट सामन्यात त्याच्या अंगात एकशे दोन ताप होता, हे त्याने कोणालाही सांगितलं नाही आणि मी सांगितलेलं त्याला आवडणार नाही. थकल्यावर पाय जड होतात हे चूक. शेवटच्या आठ मिनिटांत तो मुद्दाम सावकाश होतो, कारण तेव्हा बाकी सगळे घाई करतात. विश्वास नसेल तर शुक्रवारी सेक्शनलला येऊन बघा. जनेल रस्क, आई. मी त्याच्या प्रत्येक सामन्याला होते.’

हॉबर्ट म्हणाला, “कोच, ही बाई तुमच्यापेक्षा चांगलं बघते.” मी म्हणालो, ते मला उशिरा कळलं.

शुक्रवारी हॉबर्ट सामना बघायला गेला. तुम्ही तीन गुणांनी हरलात हे मी रेडिओवर ऐकलं. मी आलो नाही, कारण तू बोलावलं नव्हतंस. हॉबर्टने फक्त शेवटची आठ मिनिटं बघितली असं तो सांगतो. सगळे धावत सुटले होते आणि एकटा केलन चालत होता, आणि दर वेळी चेंडू बरोबर माणसाच्या हातात जात होता. सोमवारी त्याने ब्रायसनला नाही म्हणून कळवलं. केलनला फोन केला तेव्हा तू शेजारी उभी होतीस, आणि फोन त्याच्या हातातून घेऊन म्हणालीस, “डाव्या हाताला तुम्ही किती वेळ देणार?” हे सांगताना हॉबर्ट हसत होता. आता तो केलनला सोडणार नाही, काळजी करू नकोस.

आता तुझ्या पत्राबद्दल.

मला वाटलं होतं शिव्या असतील. असत्या तर बरं झालं असतं. तू लिहिलंस की त्या संध्याकाळी ओठावर टाके घालायला डॉक्टर म्हणत होता आणि तू नको म्हणालीस, कारण पन्नास नंबरची जर्सी चढवून बाहेर आलीस तेव्हा तुला वरच्या रांगेत तपकिरी टोपीतला माणूस दिसला. लांबून चेहरा कळत नव्हता. माझीही टोपी तशीच होती, तेव्हा तुला वाटलं मी आलो. तू लिहिलंस, ‘पूर्वार्धात तुम्ही नव्हतात म्हणून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उत्तरार्ध मी त्या माणसासाठी खेळले.’

हे वाचत असताना फोन वाजला, घेतला नाही.

तो कोण होता मला माहीत नाही. कोणाचा तरी बाप असेल, नाहीतर थंडी वाजते म्हणून आत येऊन बसलेला असेल. पण जो कोण होता त्याने तुझा तो खेळ बघितला. पोरी, मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचा खेळ बघण्याचंच काम केलं. दोन-अडीच हजार सामने सहज झाले असतील. आणि माझ्या मुलीने माझ्यासाठी खेळलेला तो एक सामना मी बघितला नाही.

शेवटी लिहिलंस, केलनला सगळं सांगितलंय आणि त्याला भेटायचंय, रविवारी जेवायला या. येतो. पण त्याआधी एक मागतो, या वेळी मागतोच. जेवण झाल्यावर केलन बाहेर गेला की मला तो सामना सांग. पहिल्या मिनिटापासून सांग, ओठ कसा फाटला ते, आणि ते सहा वेळा कसं केलंस ते. मी मध्ये बोलणार नाही, आणि काही लिहून घेणार नाही.

बाबा